राखून ठेवलेलं रडणं

"अण्णा, बदला हो ते. किती जुनं लावलंय!" ती मुलगी म्हणाली, आणि शेअर ऑटोच्या ड्रायव्हरनं रस्त्यावरची नजर न काढता अंगठ्यानं बटण दाबलं. भोंग्यातल्या गाण्यातला एगवल्लीचा आवाज मधेच तुटला. 'कडेवर' एवढं झालं होतं, 'घेतलंस' यायचं राहिलं. त्याच्या जागी कुणा बाप्याच्या शिट्ट्या सुरू झाल्या, ऑटो खड्ड्यातून उसळून तोंडियारपेटच्या पुलाला लागली, आणि मांडीवर सुक्या मासळीची पिशवी धरून बसलेल्या एगवल्लीला क्षणभर वाटलं, आपण बोलत असताना कुणीतरी येऊन आपल्या तोंडावर हात ठेवला. राग आला नाही. राग यायला समोरच्यानं आधी आपल्याला ओळखलेलं असावं लागतं. मुलगी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, केसांत ताजा गजरा, नाकाला ओढणी, मासळीच्या वासानं जीव नकोसा झालेला. मागच्या पोंगलच्या सुमाराला हीच मुलगी, नाहीतर हिच्यासारखीच दुसरी कुणी, आजीला हाक मारावी तशी 'आया, आया' करत भर बाजारात एगवल्लीच्या गळ्यात पडली असती. 'एकदाच म्हणा ना, एकच ओळ,' म्हणून तिनं फोन समोर धरला असता. तेव्हाही पिशवीत हीच मासळी असायची आणि वासही हाच यायचा, पण तेव्हा तो कुणाच्या नाकाला झोंबत नव्हता.

जुनं. एगवल्ली तो शब्द तोंडात घोळवत राहिली. मासळी जुनी होते, साडी जुनी होते. ओप्पारी जुनी होते म्हणजे काय होते? ओप्पारी म्हणजे मेलेल्या माणसापाशी बसून, त्याला नात्यानं हाक मारून, रडत रडत म्हणायचं गाणं, आणि ते त्या माणसाबरोबरच जातं. मयत उचललं की ओप्पारी संपली. मागाहून कुणी ती गुणगुणली तर घरातली म्हातारी चप्पल फेकून मारते, कारण मढं नसलेल्या घरात ओप्पारी म्हणणं म्हणजे मढ्याला आवतण. काशिमेडूच्या बंदरामागच्या गल्ल्यांतल्या शेंबड्या पोरीलाही हे ठाऊक असतं. एगवल्ली आणि तिची थोरली बहीण देसम्मा आईकडून शिकल्या त्यासुद्धा घरात नाही. आई त्यांना समुद्राकाठी पालथ्या होडीपाशी न्यायची, केळीचं खोड धडप्यात गुंडाळून वाळूत आडवं ठेवायची आणि म्हणायची, हा तुमचा मामा, रडा. खोड का होईना, पण समोर कुणीतरी आडवं असल्याशिवाय गळा उघडायचा नाही. देसम्माला हसू आवरत नसे. ती खोडाला म्हणायची, 'मामा, जत्रेत बांगड्या घेतो म्हणाला होतास, माझं मनगट अजून रिकामं,' आणि एगवल्ली हसून लोळायची, आणि आई देसम्माच्या पाठीत धपाटा घालून म्हणायची, 'अगं, हेच! हेच तर म्हणायचं असतं!' मेलेल्याचे गुण गायला सगळी गल्ली येते. त्याच्याशी भांडायला फक्त जवळचं माणूस येतं.

भांडणावरूनच तर सगळं सुरू झालं. शेजारचा तंगराज गेला तेव्हा एगवल्ली त्याच्या उशाशी बसून त्याला फैलावर घेत होती. 'माझी लाल खुर्ची नेलीस रे तंगराजा, उन्हात ठेवलीस, पावसात ठेवलीस, एक पाय मोडून परत दिलीस, आता जातोयस तिथं तरी खाली मांडी घालून बस!' भोवतीच्या बायका रडता रडता हसल्या, हसता हसता जास्तच रडल्या, तंगराजची बायकोसुद्धा. कुणीतरी ते फोनवर उतरवलं. आठवड्याभरात ती खुर्ची इथपासून तिरुनेलवेलीपर्यंत पोचली. मग दोन्ही हातांत दोन फोन घेतलेला जेबराज नावाचा एक लुकडा माणूस गल्लीत आला. त्याचा इंटरनेटवर गाण्यांचा कार्यक्रम चालायचा. 'आया, तुम्ही हिरा आहात, चिखलात पडलेला हिरा,' तो म्हणाला. चिखल म्हणजे आमची गल्ली का रे, असं विचारायचं एगवल्लीच्या ओठांवर आलं होतं, पण त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि साठीला टेकलेल्या बाईला हिरा म्हणायला कोण येतं रोज रोज? ती भुलली. आता कुणी काहीही म्हणो, ती भुलली आणि तिला तेव्हा फार बरं वाटलं. देसम्मा तेवढी म्हणाली होती, 'गाजराची पुंगी आहे बाई ही. वाजेल तोवर वाजव.'

ऑटो सिग्नलला थांबली. मुलगी उतरून गेली, जाताना तिच्या ओढणीचं टोक एगवल्लीच्या पिशवीत अडकलं, ते एगवल्लीनंच सोडवून दिलं. मुलगी 'थँक्स आया' म्हणाली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहूनही तिनं काही पाहिलं नाही. एगवल्लीला पुन्हा जेबराजचा तो स्टुडिओ आठवला. हल्ली तो तिला कशावरूनही आठवे. समोर खुर्च्यांवर माणसं बसवलेली, वर दिवेच दिवे, आणि मधोमध काचेची गार पेटी, मयत ठेवतात ती. जेबराजनं ती खास भाड्यानं आणली होती. आत झेंडूची फुलं, निळा उजेड, आणि माणूस नाही. एगवल्लीनं पेटीत वाकून पाहिलं. 'अरे, यात कोण आहे?' तिनं विचारलं. 'कुणी नाही आया, तुम्ही म्हणा.' 'कुणी नाही तर मी हाक कुणाला मारू?' यावर सगळे हसले, ते हसणंही नंतर त्यांनी चित्रणात ठेवलं. तिनं म्हणायला हवं होतं की एक केळीचं खोड आणा. साधं खोड. ते तिला त्या दिव्यांत सुचलं नाही. कॅमेरे सुरू झाले, सगळे तिच्या तोंडाकडे पाहू लागले, ओप्पारीचा पहिला शब्द नात्याचाच असतो, आणि रिकाम्या पेटीत पाहता पाहता तिच्या तोंडून निघून गेलं, 'अक्का!'

निघालं ते निघालं. मागोमाग सगळं आलं. जवळच्या माणसासाठी प्रत्येक बाई आत कुठेतरी शब्द राखून ठेवते, लोणच्याची बरणी मागच्या फळीवर ठेवावी तशी. ती बरणी ती स्वतःसुद्धा उघडत नाही, मनातल्या मनातही ते शब्द पुरते म्हणत नाही. एगवल्लीनं देसम्मासाठी राखले होते. आई बंदरावर टोपल्या वाहायची तेव्हा देसम्मानं तिला कडेवर घेऊन वाढवली होती, स्वतः एवढीशी असताना, एका बाजूला कलून, आणि ती कंबर पुढे आयुष्यभर त्या बाजूला कललेलीच राहिली. ते सगळं त्या दिवशी पेटीत सांडलं. 'कडेवर मला घेतलंस गं अक्का, खांद्यावर तुला मी घेऊ कशी? बाईचा खांदा चालत नाही गं अक्का, बाईची वाट गल्लीच्या तोंडाशी संपते.' तिचा गळा त्या दिवशी असा लागला की तिचा तिलाच ओळखू येईना. दिवे धरणारी माणसं डोळे पुसत होती. एगवल्लीला वाटलं, आता झालं, आता अक्का मेली. ती तशीच चपला विसरून देसम्माच्या घरी धावली होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे तेव्हा माहीत होतं. त्या गाण्याखाली कुणीतरी ढोल घातला. 'कडेवर, कडेवर' एवढेच शब्द उचलले आणि पुढे एक 'हेय्!' ठोकून दिला. मग लग्नांत त्यावर नाच सुरू झाले. 'कडेवर' आलं की नवरीनं उडी मारून नवऱ्याच्या कडेवर बसायचं, 'हेय्' आलं की त्यानं गिरकी घ्यायची. कॉलेजातली पोरं एकमेकांच्या कडेवर बसून पडली, कुणाचा हात मोडला, त्याचंही चित्रण गाजलं. लोकांनी एगवल्लीला डोक्यावर घेतलं. तिच्या हस्ते एका बिर्याणीच्या दुकानाची फीत कापली, गल्लीच्या तोंडाशी तिचा फोटो एवढा मोठा लागला की वरच्या मजल्यावरच्या खिडकीत ऊन येईना. तिनं सांगून पाहिलं, ते नाचायचं नाही रे, ते रडायचं आहे. जेबराज म्हणाला, 'आया, लोक आनंदानं रडताहेत.' मग तिंडिवनमला एक सोडावॉटर विकणारा सापडला, बाटलीच्या तोंडावर शिट्टी वाजवणारा. मघाशी ऑटोत लागला तो तोच. जेबराजचे दोन्ही फोन त्याच्याकडे गेले. फोटो उतरवला तेव्हा वरच्या खिडकीतली बाई खाली येऊन एगवल्लीला म्हणाली, 'वाईट नको वाटून घेऊस, पण कपडे वाळायला लागले बघ.' नव्याचे नऊ दिवस, हे काय कुणी एगवल्लीला सांगायला हवं होतं? गेलं त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. दुःख याचं होतं की जाताना ते एकटं गेलं नाही. गल्लीत माणसं मरत राहिली, पण तिला कुणी बोलवेना. 'ती आली की पोरं फोन काढतात, एखादं नाचायचंसुद्धा,' असं तिच्या मागे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

व्यासरपाडीला उतरून ती देसम्माच्या घरी पोचली तेव्हा देसम्मा दारातल्या खाटेवर सुजलेले पाय पसरून बसली होती. इस्पितळातून तिला 'आता घरीच न्या' म्हणून पाठवलं होतं, आणि याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता आणि कुणी उच्चारत नव्हतं. देसम्मा सोडून.

"या गाणारीण बाई," ती म्हणाली. "काय आणलंस?"

"सुकी मासळी."

"मला मीठ बंद आहे."

"मग निरोशाला देते."

"देशील! इकडे आण, वास तरी घेऊ दे." देसम्मानं पिशवीत तोंड घातलं आणि डोळे मिटून बसली. "पोरगी अळणी पेज घालते बघ मला. उद्या वर गेले की यम म्हणेल, ही कसली बेचव बाई आणली."

आतून निरोशा ओरडली, "आई, तोंड आवर! चित्ती, तू तिला भरीस घालू नकोस." देसम्माची ही एकुलती मुलगी मावशीला चित्ती म्हणायची आणि आईवर जीव टाकायची, म्हणूनच सारखी ओरडायची.

देसम्मानं पिशवीचं तोंड बांधलं. मग हळू म्हणाली, "एगू, तुझी तयारी झाली का?"

"कसली?"

"कसली म्हणे! ते पेटीतलं तू म्हणालीस ते मी निरोशाच्या फोनवर बघितलं. माझं मरण मी बघितलं. छान झालं होतं. मीही रडले, मग पोरीनं चहा केला. पण ते झालं. आता मी खरंच जाईन तेव्हा नवीन आण. लोकांनी नाचून झालेलं उष्टं मी घेणार नाही."

"अक्का, असं नको ना बोलूस."

"मग कसं बोलू? माहेरचं आता कोण आहे मला? आई गेली, भाऊ समुद्रात गेला तो गेलाच. माहेरचं लुगडं तूच आणायचं, पहिली हाक तूच मारायची. तुझ्याआधी माझ्या नणंदांनी तोंड उघडलं ना, तर उठून बसेन सांगते. सासरचं रडणं भिजत घातल्याशिवाय फुगत नाही."

"आणीन," एगवल्ली म्हणाली. "नवीन आणीन."

म्हणाली खरी. परतताना ती मुद्दाम चालत गेली, आणि चालता चालता शोधू लागली. काय नाही केलं देसम्मानं तिच्यासाठी? पहिल्या बाळंतपणात उशाशी बसली, नवरा दारू पिऊन मारायचा तेव्हा मासे कापायची विळी घेऊन दारात उभी राहिली. हे सगळं म्हणता येईल. एगवल्लीनं ओठांत जुळवून पाहिलं, 'विळी घेऊन आलीस गं अक्का,' आणि लगेच, तिनं न बोलावता, मागून आलं, 'हेय्!' ती रस्त्यातच थांबली. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा 'हेय्'. ढोलसुद्धा आला, पावलं आपोआप त्या ठेक्यात पडू लागली. तिनं पावलं मोडून टाकली, एक लांब, एक आखूड, अशी ती वेड्यासारखी चालली. पण ठेका पायांत नव्हताच. दुसऱ्या दिवशी बंदरावर मासळी पसरताना, न्हाताना, ती ओळ धरायला जायची आणि ओळ त्या ठेक्याच्या खड्ड्यात जाऊन पडायची. कधी शब्द यायचे आणि चाल यायची नाही, कधी यायची ती तीच. तिला भीती वाटू लागली. अक्काला काही झालं तर, यापेक्षा अक्काला इतक्यात काही झालं तर, ही भीती मोठी होती, आणि ते कळल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. एकदा ती खरोखर समुद्राकाठी केळीचं खोड घेऊन गेली. वाळूत आडवं ठेवून त्याच्यापुढे बसली. खोडाला अक्का म्हणवेना. आईनं शिकवलं तेव्हा खोड मामा होत असे, आता खोड खोडच राहिलं, आणि फिरायला आलेलं एक जोडपं तिच्याकडे पाहून फोन काढू लागलं. ती उठली, खोड तिथंच टाकून आली.

आणि मग एका दुपारी, काही न शोधता, मासळीला मीठ चोळता चोळता ते आलं. 'मिठाच्या पाण्याशेजारी जन्मलीस गं अक्का, अळणी घास गिळून गेलीस.' मागे ढोल आला नाही. एगवल्ली हात मिठात तसेच ठेवून थांबून राहिली, श्वास रोखून. नाही, आला नाही. यात भांडणही होतं, निरोशाला टोला होता, यमाला चिमटा होता. देसम्मा ऐकती तर म्हणाली असती, हेच, हेच तर म्हणायचं असतं. एगवल्ली इतकी सुखावली की शेजारणीला तिनं उगाच मूठभर झिंगे दिले. ती ओळ तिनं पुन्हा उच्चारली नाही. मागच्या फळीवर ठेवून दिली.

आडि महिना, म्हणजे आषाढ, सरता सरता देसम्मा गेली. सकाळी पेज पाजताना निरोशाच्या हातातच मान कलली. एगवल्ली माहेरचं लुगडं घेऊन पोचली तेव्हा गल्लीत मांडव पडला होता, निळ्या खुर्च्या लागल्या होत्या, भिंतीवर देसम्माचा फोटो चिकटला होता, तरुणपणीचा, कुठल्याशा लग्नातला. मांडवाखाली काचेची गार पेटी. ढोलवाले कोपऱ्यात ढोल शेकत बसले होते. बायका एकमेकींच्या गळ्यात हात टाकून कडं करून बसल्या होत्या, त्यांनी एगवल्लीला पाहिलं आणि जागा केली. कुणी रडत नव्हतं. माहेरचं माणूस येईपर्यंत रडायचं नसतं. देसम्माच्या मोठ्या नणंदेनं पदर सावरत म्हटलं, "ये गं. तुझ्यासाठीच थांबलोय."

एगवल्लीनं पेटीत वाकून पाहिलं. या खेपेला आत अक्का होती. नाकात कापूस, कपाळावर नाणं, आणि कंबर अजून एका बाजूला कललेली. एगवल्लीच्या आत काहीतरी फाटत गेलं आणि तिला वाटलं, आता कशाचीच भीती नाही. तिनं लुगडं पेटीवर पांघरलं, दोन्ही बाजूंच्या बायकांच्या गळ्यात हात टाकले आणि हाक मारली. "अक्का!"

कोपऱ्यात ढोलवाल्यांनी ढोल मांडीवर ओढले.

"मिठाच्या पाण्याशेजारी जन्मलीस गं अक्का..."

ढोलवाल्यांची चूक नव्हती. बाई रडायला लागली की ते हलकेच साथ देतात, ही रीतच आहे, आणि एगवल्लीचा आवाज त्या हातांना एकाच ठेक्यात ओळखीचा होता. वर्षभर प्रत्येक वरातीत तोच तर वाजवला होता. ढोल पडला. तिची ओळ त्यात अशी चपखल बसली, जणू त्यासाठीच बेतलेली. "अळणी घास गिळून..." आणि कड्यातली एक तरुण सून, डोळ्यांतून पाणी गळत असताना, 'हेय्' म्हणाली. म्हणाली आणि जीभ चावली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एगवल्ली पुढे गेली, पण पुढे ती ओळ नव्हतीच. तोंडातून आपसूक आलं, 'कडेवर.' मांडवाच्या कडेला दोन-तीन फोन वर उठले. तिनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच आलं. मग काहीच आलं नाही, नुसता वारा.

तिनं निरोशाकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं. तिला सांगायचं होतं, माझ्याकडे आहे, मी आणलंय, थोडं थांबा. गळ्यातून खरखर निघाली.

"वेळ होतोय," कुणीतरी पुरुष म्हणाला. "माहेरचं झाल्याशिवाय न्हाऊ घालता येत नाही."

"तिचा घसा बसलाय," नणंद म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं, ती हळहळून म्हणत होती. "आता काय करायचं गं?"

निरोशा उठली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. तिनं एगवल्लीचे खांदे धरून तिला पेटीपाशी नीट बसवलं आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "चित्ती, तू राहू दे. त्रास नको करून घेऊस. ते तुझंच आहे ना? आवाज तुझाच, हाकही आईलाच मारलीय. मी लावते." तिनं आईच्या नणंदेकडे पाहिलं. नणंदेनं मान हलवली, चालेल. एगवल्लीनं तिचा हात धरला, घट्ट धरला, नको नको म्हणून मान हलवली. निरोशाला वाटलं, चित्तीला उमाळा आलाय. तिनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मांडवातल्या मोठ्या भोंग्याला फोन जोडला.

आधी केसांच्या तेलाची जाहिरात लागली. कुणी बाई काळेभोर केस कसे राखावेत ते सांगत होती. सगळे खाली माना घालून थांबले. मग एगवल्लीचा आवाज आला, स्वच्छ, मोकळा, ढोल नसलेला, त्या पहिल्या दिवशीचा. 'अक्का!' बायकांच्या कड्यातून हुंदका फुटला. नणंदा रडल्या, निरोशा पेटीवर डोकं आपटू लागली, भिंतीपाशी उभे असलेले पुरुषसुद्धा तोंड फिरवून उभे राहिले. अशी ओप्पारी त्या गल्लीनं कधी ऐकली नव्हती. एगवल्ली तेवढी कोरडी बसून होती. कुणीतरी दुसरीच बाई येऊन तिच्या अक्कासाठी रडून जात होती आणि तिला बोलायला जागा नव्हती. 'बाईची वाट गल्लीच्या तोंडाशी संपते,' त्या बाईनं म्हटलं, आणि आवाज थांबला.

आणि टाळ्या सुरू झाल्या. भोंगा मोठा होता. स्टुडिओत खुर्च्यांवर बसवलेली माणसं उठून उभी राहून टाळ्या वाजवत होती, कुणी शिट्टी मारली, कुणी 'आया, पुन्हा एकदा' म्हणून ओरडलं. निरोशानं पेटीवरून डोकं उचललं. रडणाऱ्या बायका पदर तोंडाशी तसाच धरून एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणीतरी बंद करायला धावलं, पण निरोशाच्या हाताला फोन सापडेना, तो फुलांच्या ढिगात कुठेतरी गेला होता. टाळ्या लांबत गेल्या. त्या संपेपर्यंत कुणालाच रडता येईना.